ओटीपीपुरते फोन

आमच्या भिशीत पूर्वी साड्यांच्या किमती निघायच्या, नंतर फ्लॅटच्या निघायला लागल्या आणि हल्ली मोबाइलच्या प्लॅनच्या निघतात. चंडीगडमध्ये या प्रकाराला सगळे किटी म्हणतात, आम्ही मराठी बायका मात्र हट्टाने भिशीच म्हणतो. एक निवृत्त डॉक्टरीणबाई, एक सेक्टर एकोणचाळीसातल्या शास्त्रज्ञाची बायको, दोन-तीन शिक्षिका आणि माझ्यासारख्या उरलेल्या फौजी बायका. नवरा बदलीवर इथे आला, निवृत्त झाला आणि गावाकडे परत जायचं नुसतं बोलत राहिला, अशा. आमच्या सगळ्यांची मुलं परदेशात आहेत. या शहरात ते सांगावंही लागत नाही. दर चौकात कुठल्या ना कुठल्या देशाला पाठवणाऱ्यांचा बोर्ड लागलेला असतो.

तर साबुदाणा वडे खाता खाता तुलना सुरू होते. डॉक्टरीणबाईंची मुलगी जर्मनीत आहे. तिथे प्लॅन म्हणे बऱ्यापैकी स्वस्त. ऑस्ट्रेलियावाल्या म्हणतात, आमच्याकडे बरा आहे पण गावाबाहेर गेलं की रेंज नाही. दुबईवालीची तऱ्हा निराळी. तिच्या मुलाला साध्या ॲपवरून बोलताच येत नाही, त्यासाठी वेगळे पैसे भरून वेगळं ॲप घ्यावं लागतं. अमेरिकावाली सांगते की तिच्या लेकाने चार मित्र गोळा करून फॅमिली प्लॅन घेतलाय, त्यातला एक मित्र तर त्याला आवडतही नाही. आणि मग सगळ्या माझ्याकडे बघतात, कारण माझा मुलगा कॅनडात आहे आणि महागाईत आमचा पहिला नंबर कोणी हिरावून घेऊ शकत नाही. मी आकडा सांगितला की सगळ्या आपापल्या मोबाइलवर त्याचे रुपये करतात आणि "बाई बाई" म्हणतात. मला त्याचा थोडा अभिमानही वाटतो, उगीच कशाला खोटं सांगू.

या तुलनेत एक गंमत आहे, ती कोणी बोलून दाखवत नाही. ज्या देशात प्लॅन महाग, तिथल्या मुलाने फोन कमी केले तर ते माफ. डॉक्टरीणबाईंची मुलगी स्वस्त देशात राहून आठवड्यातून एकदाच फोन करते, म्हणून आम्ही त्यांना कळेल न कळेल असं चिडवतो. माझ्या मुलाच्या बाबतीत मात्र सगळ्यांना सहानुभूती. बिचारा करणार तरी काय, तिकडे डेटा केवढ्याला पडतो! मीही मान डोलावते. त्याने सगळ्यात छोटा प्लॅन घेतलाय. घरात वायफाय आहे, ऑफिसात वायफाय आहे, मधल्या वाटेवर तो जपून जपून डेटा वापरतो. माझाच मुलगा तो, काटकसरी असणारच.

मला स्वतःला हे महाग-स्वस्त प्रकरण फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. आम्ही चंडीगडजवळच्या चंडीमंदिर छावणीत क्वार्टरमध्ये राहत होतो आणि हे सीमेवर पुढच्या भागात कुठेतरी डोंगरावर होते, तेव्हा आमच्याकडे फौजेचा काळा फोन होता. त्याला तबकडी नव्हती. उचलला की एक्स्चेंजमधला जवान "राम राम मॅडम" म्हणायचा, मग तो पुढच्या एक्स्चेंजला जोडायचा, ते त्याच्या पुढच्याला, आणि असं करत करत चार-पाच ठिकाणचे राम राम झाल्यावर यांचा आवाज यायचा, तोही विहिरीतून आल्यासारखा. पैसा एक पडायचा नाही. पण अट अशी की बोलत राहायचं. जरा गप्प झालं की मध्येच कोणीतरी विचारायचा, "वर्किंग?" त्यावर लगेच "वर्किंग!" असं ओरडायचं, नाहीतर लाइन गेलीच. रागावून अबोला धरायचीसुद्धा सोय नव्हती. एकदा मी सासूबाईंविषयी चांगली सविस्तर तक्रार करत होते, मराठीत कोणाला कळतंय म्हणून अगदी मोकळेपणाने, तर मध्येच कोणीतरी फिसकन हसलं. मी दरडावून विचारलं, "कौन है?" तर आवाज आला, "वहिनी, माफ करा, मी साताऱ्याचा." त्या दिवसापासून त्या साताऱ्याच्या भावाने आमची लाइन कधी तोडली नाही आणि मीही सासूबाईंविषयी जरा बेताने बोलू लागले.

माझा मुलगा तेव्हा चार-पाच वर्षांचा. त्याला वाटायचं की बाबा त्या काळ्या फोनच्या आत राहतात. त्याला बोलायला दिलं की तो एक शब्द बोलायचा नाही, नुसता मोठमोठ्याने श्वास घ्यायचा. मी शेजारून चिमटा काढायचे, बोल रे, लाइन जाईल. मग तो घाईघाईने, एका दमात, शाळेत काय झालं ते सांगून टाकायचा. ते हिंदीत. चंडीगडच्या शाळेत जाणारं पोर, घरात मराठी ऐकायचा आणि हिंदीत उत्तर द्यायचा. आजही तसंच आहे.

माझी आई सांगलीला होती. तिच्याशी बोलायचं तर बाजारातल्या एसटीडी बूथवर जायचं, काचेच्या खोक्यात उभं राहायचं आणि डोक्यावरच्या लाल आकड्यांकडे बघत बोलायचं. आईला ते आकडे दिसत नव्हते, तरी तिला माझ्यापेक्षा जास्त घाई. "बरी आहेस ना? पोर बरं आहे ना? ठेवते." एवढ्यात संपलं. मी म्हणायचे, अगं थांब, मी पैसे भरतेय. तर ती म्हणायची, "पैसे झाडाला लागतात का?" आणि ठेवून द्यायची. बूथवाले सरदारजी हसायचे. त्यांना आमच्या आईचं बोलणं ऐकू न येताही शब्दन् शब्द समजायचं, कारण त्यांची आईसुद्धा असंच करायची म्हणे.

मग मोबाइल आले. पहिला मोबाइल यांनी घेतला तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडायचे. मोबाइल वाजला की हे दचकायचे आणि नंबर बघून कट करायचे. त्यातून आमच्या घरात मिस्ड कॉलची सगळी रीतभात तयार झाली. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंग म्हणजे गेटवर आलोय, दार उघड. तीन म्हणजे खरंच काम आहे, लँडलाइनवरून कर. मुलगा बारावीला क्लासला जायचा तेव्हा रोज संध्याकाळी त्याची एक रिंग यायची आणि मी कणीक मळायला घ्यायची. ती एक रिंग ऐकून किती बरं वाटायचं, ते आज सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

आता आमच्या देशात बोलणं जवळजवळ फुकट झालंय. बायका भाजी निवडता निवडता बहिणीला व्हिडिओ कॉल लावतात आणि भाजी निवडून संपली तरी कॉल चालूच असतो. आणि नेमका अशा वेळी आमचा मुलगा कॅनडाला गेला.

जाताना त्याने आपला इथला मोबाइल नंबर बंद केला नाही. त्याचं बँकेचं खातं या नंबरशी जोडलेलं, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जायचा. म्हणून ते सिम त्याने माझ्या मोबाइलच्या दुसऱ्या खणात घालून दिलं. "आई, ओटीपी आएगा तो बता देना, बस." अशी घरं चंडीगडमध्ये किती असतील देव जाणे, जिथे आईच्या मोबाइलमध्ये मुलाचं सिम आहे आणि आई त्याची ओटीपी सांगणारी कारकून आहे.

तो कॅनडातून पैसे पाठवायचा, कधी आमचं विजेचं बिल भरायचा, कधी आमची रेल्वेची तिकिटं काढायचा, कधी यांच्या गुडघ्याचा पट्टा मागवायचा. प्रत्येक वेळी माझ्या मोबाइलवर ओटीपी यायचा आणि पाठोपाठ त्याचा फोन. "आई, आया क्या?" मी चष्मा शोधायची. मग वाचायची, "सत्तेचाळीस, बासष्ट..." तो तिकडून कळवळायचा, "आई, एक एक बोल ना! ये सत्तेचाळीस क्या होता है?" मी म्हणायची, मराठी आईच्या पोटी जन्माला आलास आणि सत्तेचाळीस येत नाही? तोवर ओटीपीची मुदत संपायची. मग दुसरा मागवायचा. पुढे पुढे मी जरा पक्की झाले. ओटीपी हातात असला तरी आधी विचारायची, जेवलास का, थंडी किती आहे, सर्दी गेली का. तो ओरडायचा, "आई, पहले ओटीपी!" मी सांगायची. मग काम झालं की तो लगेच ठेवायचा नाही. मिनिट-दोन मिनिटं उरलेलं बोलायचा. बाबांचा गुडघा कसा आहे. आज तू काय केलंस. इकडे बर्फ पडतंय. विमानतळाजवळच्या एअरोसिटीत आमच्या घरावरून विमान गेलं की तो फोनवरून ओळखायचा, "जहाज गया ना?" तेवढी ती दोन मिनिटं मी दिवसभर पुरवून पुरवून वापरायची. कामाशिवाय मात्र आम्ही कोणी फोन करत नव्हतो. तो कामात असणार, मीटिंगमध्ये असणार, उगीच कशाला, असं माझं. मीही काही वर्षं शाळेत शिकवलं, वर्ग चालू असताना दार वाजवणाऱ्यांचा मला फार राग. मुलाचंही दार मी वाजवत नव्हते.

आणि मग त्या भिशीत दुबईवालीने माझं नुकसान केलं.

नेहमीची तुलना चालली होती. मी ओटीपीची गोष्ट रंगवून सांगितली, सत्तेचाळीससकट, सगळ्या हसल्या. तर ही म्हणाली, "अगं, तू अजून हे करतेस? त्याचं सिम त्याला पाठवून दे. बाहेरदेशी चालणारा छोटा पॅक मारायचा, मेसेज तिकडेच येतात. आम्ही केव्हाच केलं. पोराला पण ताप नाही, तुला पण नाही." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पक्का. त्या पोरालाही किती अवघड होत असेल, तुझ्या वेळा बघून बँकेची कामं करायची." कोणीतरी लगेच मोबाइलवर पॅकची किंमतही काढून दाखवली. तुलनेत तो सगळ्यात स्वस्त निघाला.

मी म्हणाले, अरे वा. दुसरं काय म्हणणार? मला ओटीपी सांगायला आवडतं, असं भर भिशीत सांगू?

घरी आल्यावर मला झोप येईना. हिशोब सरळ होता, सोय सगळी त्याची होती. तो माझ्यासाठी रात्री जागून बँकेची कामं करत असेल, तर आपण आईच कसल्या? शेवटी मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "बघ बाई, तुला जमेल ना?" मला त्याचा राग आला. न जमायला काय झालं? सेक्टरमधल्या एका ओळखीच्यांची मुलगी टोरोंटोला निघाली होती. मी भडंगाचा डबा भरला, मेतकूट भरलं, एका पाकिटात ते सिम घालून पाकीट डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं. मुलाला मेसेज केला, तुझं सिम पाठवलंय, पॅक मारलाय, आता ओटीपी तुझ्याकडेच येईल. त्याचं उत्तर आलं, "ओके आई." सोबत अंगठा.

सिम पोचलं. भडंग पोचल्याचा फोटो आला. आणि फोन बंद झाले.

एकदम बंद झाले असं नाही. दिवाळीला आला, यांच्या वाढदिवसाला आला. पण ते सणाचे फोन होते, सगळे नीट कपडे घालून बसलेले. अधलेमधले फोन गेले. मी स्वतःची समजूत घालत होते. बिझी असेल. डेटा महाग आहे. भिशीत मी अजूनही आकडा सांगायची आणि सगळ्या बाई बाई म्हणायच्या, पण आता मला त्यात मजा वाटेना. माझा हट्ट असा की मी करणार नाही. त्याला आठवण आली तर तो करेल. आठवण यायला ओटीपी लागत असेल, तर राहू दे. हे सगळं मी मनात म्हणायची आणि कपडे धोपटून घड्या घालायची.

एका संध्याकाळी आम्ही गॅलरीत चहा घेत बसलो होतो. माझा मोबाइल टेबलावर पडलेला. पूर्वी वरच्या कोपऱ्यात दोन नंबरांच्या रेंजच्या काड्या दिसायच्या, आता एकाच्याच दिसत होत्या. मी तिकडे बघत होते हे यांनी पाहिलं.

"लाव ना फोन," हे म्हणाले. "फुकट तर आहे."

"फुकट आहे म्हणून लावायचा?"

"मग आठवण येते म्हणून लाव," हे म्हणाले आणि कप उचलून आत घेऊन गेले. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस असं एखादंच वाक्य बोलतो, आणि ते बोलून निघून जातो.

मी फोन लावला. तिकडे सकाळ होती. पहिल्याच रिंगला त्याने उचलला आणि त्याचा आवाज घाबरलेला होता.

"आई? क्या हुआ? बाबा ठीक हैं ना?"

"बाबा ठीक आहेत. आत कप विसळतायत."

"तू ठीक है?"

"मीही ठीक आहे."

"तो फिर फोन क्यों किया?"

मला इतकं वाईट वाटलं की क्षणभर वाटलं ठेवून द्यावा. माझ्या मुलाला माझा फोन म्हणजे वाईट बातमी वाटते, इथवर आम्ही येऊन पोचलो होतो. मी म्हणाले, "काही काम नाही रे. सहज केला."

तो म्हणाला, "सच में?"

"सच में काय? आईने फोन करायला कारण लागतं का?"

"नहीं... मुझे लगा तू तंग आ गई थी."

"कशाला?"

"मेरे कॉल्स से. ओटीपी, ओटीपी. वो सिम तूने वापस भेज दिया ना, भडंग के साथ. मुझे लगा, आई का बस हो गया. उसको चैन से बैठने दो."

मी म्हणाले, "अरे वेड्या, तुला सोय व्हावी म्हणून पाठवलं ते! तुला माझ्या वेळा बघून कामं करावी लागतात म्हणून. सगळ्या म्हणाल्या म्हणून."

"आई," तो म्हणाला, "ओटीपी तो मेल पे भी आता है. शुरू से आता था."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. विजेचं बिल, तिकिटं, गुडघ्याचा पट्टा, माझा सत्तेचाळीसचा घोळ, दुसऱ्यांदा मागवलेले ओटीपी, त्याचं ते ओरडणं. त्यातलं एकही त्याला माझ्याकडून नको होतं. माझ्याकडून त्याला जे हवं होतं, त्याला त्याच्याकडे दुसरं नाव नव्हतं, आणि मी ते पाकिटात घालून डब्याच्या झाकणाला चिकटवून परत पाठवलं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तो म्हणत राहिला, "आई, रो मत ना यार, आई."

मागून दार ओढल्याचा आवाज आला, मग वारा, मग बर्फावरून चालताना होतो तसा बुटांचा आवाज. तो ऑफिसला निघाला होता. घराचं वायफाय सुटलं की आवाज जरा तुटतो, तसा तुटला.

मी डोळे पुसले आणि सवयीने म्हणाले, "चल, ठेवते मी. तू बाहेर आलायस, तुझा डेटा जाईल."

"जाने दे."

"अरे, महाग आहे तो."

"जाने दे ना, आई. ऑफिस पहुँचने तक बोल. कुछ भी बोल."

काहीही म्हणजे काय बोलणार? इतके दिवस साठवलेलं सगळं ऐन वेळी विसरलं. मी म्हणाले, "खालच्या आंटींच्या मांजरीला पिल्लं झालीयत."

"अच्छा?" तो म्हणाला. बसचं दार उघडल्याचा आवाज आला, तो चढला असावा, पण फोन त्याने ठेवला नाही. "किस रंग की हैं?"